डोकं मोजता, मग मत का मोजत नाही?

पँथर हे मुळात निवडणूक चिन्ह होतं. बंदूक, काळं जाकीट, तिरकी टोपी हे सगळं नंतरचं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. ऑकलंडवाल्यांनी १९६६ साली ते जनावर उचललं अलाबामा राज्यातल्या लाउन्ड्स काउंटीतून. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, लहानसा. तिथल्या काळ्या शेतमजुरांनी स्वतःचा पक्ष काढला. मतदारांत अक्षरओळख नसलेले फार, म्हणून पक्षाला चित्र लागायचं. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चित्र होतं पांढरा कोंबडा, आणि कोंबड्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. मतपत्रिकेवर, राजरोस! त्याला उत्तर म्हणून काळ्यांनी पँथर छापला. ज्या जनावराचं नाव छातीवर लावून आपण फिरतो ते जंगलातून आलेलं नाही, मतपत्रिकेवरून आलेलं आहे.

लाउन्ड्समध्ये तेव्हा शंभरातले ऐंशी काळे. आणि १९६५ साल उजाडलं तेव्हा मतदार यादीत काळं नाव एकसुद्धा नव्हतं. एकसुद्धा! जे नाव नोंदवायला गेले त्यांना जमीनमालकांनी खोपटातून हुसकलं. कुटुंबंच्या कुटुंबं रस्त्याकडेला तंबू ठोकून राहिली, त्या तंबूंवर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९६५ चा मतदान हक्क कायदा आला, नावं चढली. १९६६ च्या नोव्हेंबरात पँथरचे सगळे उमेदवार पडले. पण १९७० साली त्याच चळवळीतला जॉन ह्युलेट त्याच काउंटीचा शेरीफ झाला. जिथे शेरीफ म्हणजे काळ्याच्या मानेवरचा पाय, तिथे!

इथवरची गोष्ट आपली पोरं भाषणात सांगतात, टाळ्या घेतात आणि खाली बसतात. पुढची कुणी सांगत नाही. ती मी सांगतो.

लाउन्ड्सचा काळा माणूस देशाचा अध्यक्ष निवडायला रांगेत उभा राहतो. १९८० पासून २०२४ पर्यंत १२ वेळा उभा राहिला. काउंटी प्रचंड बहुमताने एका बाजूला मत देते आणि बाराही वेळा त्या मताच्या वाट्याला अध्यक्ष निवडणारा एक माणूस आला नाही. २००८ साली देशाने पहिला काळा अध्यक्ष निवडला. अलाबामात ओबामाला शंभरातली जवळजवळ ३९ मतं पडली. अलाबामाच्या ९ निर्वाचकांपैकी ओबामाला किती? भोपळा. नऊच्या नऊ मॅकेनला.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण लबाडी नेहमी बारीक अक्षरात असते. अमेरिकेचा अध्यक्ष जनता थेट निवडत नाही. ५३८ निर्वाचक निवडतात, २७० मिळाले की गादी. प्रत्येक राज्याला निर्वाचक किती? प्रतिनिधीगृहात त्याच्या जागा जितक्या तितके, अधिक सिनेटचे दोन. प्रतिनिधीगृहातल्या जागा ठरतात शिरगणतीवर, म्हणजे डोकी मोजून. इथपर्यंत ठीक. आता हे निर्वाचक वाटायचे कसे? ४८ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांचा नियम असा की राज्यात ज्याला एक मत जास्त त्याला सगळे निर्वाचक. पन्नास टक्के आणि वर एक मत असो, नाहीतर तिरंगी लढतीत चाळीस टक्केच असोत. अख्खा गठ्ठा त्याचा. मेन आणि नेब्रास्का एवढी दोनच राज्यं गठ्ठा थोडा सोडतात, त्यांच्याकडे मी नंतर येतो.

गठ्ठा! आपल्याकडे हा शब्द कुणाला चिकटवलाय ते आठवा. दलितांची गठ्ठा मतं, मुसलमानांची गठ्ठा मतं. पांढरपेशा अग्रलेख लिहिणाऱ्याच्या तोंडात हा शब्द सुपारीसारखा घोळत असतो. अरे, गरीब माणूस आपल्या मर्जीने एका बाजूला मत देतो तो गठ्ठा, आणि राज्य कायदा करून लाखो लोकांची मतं त्यांच्या मर्जीविरुद्ध दुसऱ्याच्या गाठोड्यात कोंबतं, ती लोकशाही?

आता माझा मुद्दा. अलाबामातल्या काळ्या माणसाचं मत नुसतं वाया जात नाही. वाया गेलं असतं तर एकवेळ सोसलं असतं. अलाबामात शंभरातले सव्वीस-सत्तावीस काळे. मिसिसिपीत सदतीस-अडतीस. लुइझियानात तीसच्या वर. ही डोकी शिरगणतीत मोजली जातात, म्हणून त्या राज्यांना तेवढे निर्वाचक मिळतात. आणि त्या डोक्यांवर मिळालेला निर्वाचक कुणाच्या खिशात जातो? ज्याला त्या डोक्यांनी मत दिलं नाही त्याच्या. म्हणजे माझं डोकं मोजून तुम्ही वजन वाढवलं आणि ते वजन माझ्याच छातीवर ठेवलं. याला वाया जाणं म्हणत नाहीत. याला वेठबिगारी म्हणतात. मताची वेठबिगारी.

ही वेठ नवी नाही, घटनेइतकी जुनी आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना परिषद बसली. अध्यक्ष थेट लोकांनी निवडावा अशी सूचना आली तेव्हा मॅडिसन स्वतः उठून बोलला, की असं केलं तर दक्षिणेला तिच्या गुलामांचा काही उपयोग होणार नाही, कारण गुलाम मत देत नाहीत. हा माणूस अमेरिकी घटनेचा जनक म्हणून मिरवला जातो. मग तोडगा निघाला. जागा वाटताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, आणि त्याच जागांच्या हिशेबाने निर्वाचक द्यायचे. गुलामाला मत नाही, पण त्याच्या तीन पंचमांश डोक्याचं मत त्याच्या मालकाला! १७९० च्या शिरगणतीत एकट्या व्हर्जिनियात २ लाख ९२ हजारांवर गुलाम होते. फळ? पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं व्हर्जिनियाचा गुलाममालक अध्यक्षाच्या खुर्चीत. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो, प्रत्येकी आठ वर्षं. १८०० साली जेफरसन ७३ विरुद्ध ६५ असा जिंकला. गुलामांच्या डोक्यांवर मिळालेले निर्वाचक वजा केले तर तो हरतो, हा हिशेब इतिहासकारांनी कधीच मांडून ठेवलाय.

आणि गठ्ठा पद्धत? ती तर घटनेत नाहीच! घटना एवढंच म्हणते की निर्वाचक कसे नेमायचे ते राज्याचं विधिमंडळ ठरवेल. सुरुवातीला कुठे जिल्हावार निवडायचे, कुठे विधिमंडळच नेमायचं. १७९६ मध्ये जेफरसन तीन मतांनी हरला. त्याच्या स्वतःच्या व्हर्जिनियातला एक निर्वाचक ॲडम्सच्या बाजूने गेला होता. मग जानेवारी १८०० मध्ये जेफरसनने मन्रोला पत्र लिहिलं. सार असं की जिल्हावार पद्धत चांगली खरी, पण दुसरी राज्यं गठ्ठा बांधत असताना आपण न बांधणं हा मूर्खपणा. त्याच वर्षी व्हर्जिनियाने गठ्ठा बांधला. एकाने बांधला म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने बांधला म्हणून तिसऱ्याने. १८३६ पर्यंत दक्षिण कॅरोलायना सोडून सगळ्यांनी बांधला होता. तत्त्व नाही, विचार नाही, थोरांची दूरदृष्टी बिरदृष्टी काही नाही. निव्वळ बाजारातली चढाओढ. मॅडिसनने स्वतः १८२३ साली लिहिलं की जिल्हावार पद्धत बरी. म्हाताऱ्याला शेवटी कळलं, पण तोवर गाठ घट्ट बसली होती.

यादवी युद्ध झालं. गुलामगिरी कायद्याने गेली. तीन पंचमांश गेला, काळं डोकं पूर्ण धरलं जाऊ लागलं. झालं ना भलं? थांबा. १८७६ च्या निवडणुकीचा वाद मिटवताना १८७७ मध्ये सौदा झाला, हेजला अध्यक्षपद मिळालं आणि दक्षिणेतल्या काळ्यांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं लष्कर बाजूला झालं. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना केली. मतकर, वाचून दाखवा, अर्थ सांगा, असली कुंपणं. त्या राज्यात तेव्हा काळे अर्ध्याहून जास्त! मत गेलं, डोकं मात्र मोजलं जात राहिलं. आधी पाच गुलामांवर मालकाला तीनाचं वजन मिळायचं, आता पाच काळ्यांवर पूर्ण पाचाचं मिळायला लागलं. गुलामगिरी गेल्याने मालकाचा फायदाच झाला! चौदाव्या घटनादुरुस्तीत कलम होतं की जे राज्य लोकांचं मत नाकारेल त्याच्या जागा त्या प्रमाणात कापू. एकदाही कापल्या नाहीत. १९६४ मध्ये मिसिसिपीत शंभर काळ्यांमागे सात जणसुद्धा यादीत नव्हते आणि राज्याचे निर्वाचक होते तेवढेच होते.

मग १९६५. मत मिळालं. आणि मिळालेलं मत गठ्ठ्याने गिळलं. कोंबडा गेला, पण कोंबड्याचं खुराडं जागेवर आहे.

आकडे घ्या. २०२० साली मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना, दक्षिण कॅरोलायना या चार राज्यांत बायडनला मिळून ३३ लाखांहून जास्त मतं पडली. ती सगळी काळ्यांची नव्हती, गोरेही होते त्यात. पण काळ्यांशिवाय ती उभीच राहत नाहीत. चार राज्यांचे निर्वाचक ३२. या ३३ लाखांना त्यातले मिळाले शून्य. मतांच्या प्रमाणात वाटले असते तर? मिसिसिपीच्या ६ मधले दोन तरी, हिशेबाच्या पद्धतीप्रमाणे तीनसुद्धा. अलाबामाच्या ९ मधले तीन. लुइझियानाच्या ८ मधले तीन. दक्षिण कॅरोलायनाच्या ९ मधले चार. किमान बारा. शून्याच्या जागी बारा!

आणि जिथे शून्य ठरलेलं आहे तिथे उमेदवार फिरकत नाही. तो जातो पेनसिल्व्हेनियाला, विस्कॉन्सिनला, जिथे काटा हलतो. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात २०२२ मध्ये नळाला पाणी नव्हतं. शंभरातले ऐंशी काळे असलेलं राज्याच्या राजधानीचं शहर. ज्या मताचं वजन शून्य त्याच्या नळाला पाणी आलं काय न आलं काय, कुणाची खुर्ची हलते?

मागे एका अभ्यासवर्गात मी हे बोललो तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. म्हणाला, दादा, अमेरिकेतल्या आकड्यांशी आपल्याला काय करायचंय, आपली बोंब आपल्याला कमी आहे का? बरोबर विचारलंस गड्या. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली. त्यांना नव्हती का आपली कामं? आणि मत असूनही माणूस पडतो कसा, हे तुला पुणे करार वाचून कळलेलं असणारच. १९३२ च्या जातीय निवाड्यात प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा होत्या पण मतदारसंघ स्वतंत्र होते. करारात १४८ मिळाल्या, पण संयुक्त मतदारसंघात. जागा दुप्पट, आणि निवडून कोण येणार ते ठरवणार गावातले बाकीचे. डोकी आमची, माणूस त्यांच्या पसंतीचा. मतपेटीत आपला हात घातला म्हणजे मतपेटीतून आपला माणूस निघतो असं नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

अजून एक गंमत सांगतो. राष्ट्रपती निवडायला आपल्याकडेही निर्वाचक मंडळ आहे. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, आमदार २८८, एकूण ५०,४००. आजवर कुणी असं म्हटलं का, की ज्याला १४५ आमदार त्याला महाराष्ट्राची सगळी ५०,४०० मतं? म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. प्रत्येक आमदाराचं मत त्याच्या त्याच्या उमेदवाराला जातं. जे आपल्या आमदाराला मिळतं ते अलाबामाच्या मजुराला मिळत नाही. (आपल्या आमदाराचं मत कुठे कुठे जातं आणि कितीला जातं हा वेगळ्या अंकाचा विषय.)

आता कडू घास. गठ्ठ्याविरुद्ध बोलणारे सगळे आपलेच, असं समजून गळ्यात पडायला जाऊ नका. १९५० साली अगदी हीच मागणी अमेरिकी सिनेटने मंजूर केली होती, लॉज-गॉसेट दुरुस्ती. निर्वाचक नावाची माणसं काढून टाका आणि राज्याची मतं प्रमाणात वाटा. ६४ विरुद्ध २७, दोन तृतीयांशाहून जास्त! पुढे प्रतिनिधीगृहात ती १३४ विरुद्ध २१० अशी पडली. हा गॉसेट कोण? टेक्सासचा वर्णवर्चस्ववादी. त्याचं दुखणं काय? न्यूयॉर्कसारख्या मोठ्या राज्यांत काटा अगदी मध्ये असतो, तिथे शहरातले काळे, ज्यू, कामगार ज्या बाजूला झुकतील तिकडे अख्खा गठ्ठा जातो, आणि म्हणून दोन्ही पक्षांना त्यांची दाढी कुरवाळावी लागते. हे त्याला खुपत होतं, आणि ते त्याने सभागृहात लपवलं नाही. दक्षिणेत काळ्याला मतच नव्हतं, तेव्हा प्रमाणात वाटलं तरी दक्षिणेचा गठ्ठा फुटणार नव्हता. फुटणार होता तो उत्तरेतला, जिथे काळ्याच्या मताला धार होती. बघा, एकच नियम, एकच शब्द, पण मतदार यादी कुणाच्या हातात आहे त्यावर तो औषध की विष हे ठरतं.

म्हणून १९७९ मध्ये थेट निवडणुकीची दुरुस्ती सिनेटमध्ये आली तेव्हा अर्बन लीगचे व्हर्नन जॉर्डन यांच्यासारखे काळे नेतेच तिच्या विरोधात उभे राहिले. शहरातल्या काळ्यांच्या हातातला काटा जाईल, ही भीती. ठराव ५१ विरुद्ध ४८, दोन तृतीयांश नाहीत, मेला. मी त्या नेत्यांना गद्दार म्हणणार नाही. १९५० चा गॉसेट ज्यांनी पाहिला त्यांना दचकायचा हक्क आहे. पण मी विचारतो, हार्लेमच्या हातातल्या काट्यासाठी लाउन्ड्सने किती वर्षं शून्य मोजायचं? आणि तो काटा तरी कुठे राहिला? न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय आता एकाच बाजूला कायमची झुकलेली. तिथल्या काळ्याचं मत गृहीत धरलेलं. दक्षिणेत मत बुडतं, उत्तरेत मत खुंटीला टांगलेलं असतं. १९६५ आधीचा हिशेब १९६५ नंतर चालवायचा म्हणजे पंचांग बघून रेल्वे पकडणं.

प्रमाण हा शब्द उच्चारला की तिथल्या प्रस्थापितांच्या पोटात गोळा येतो. १९९३ साली लानी गिनिअर या काळ्या कायदेपंडित बाईंना क्लिंटनने न्याय खात्यातल्या नागरी हक्क विभागासाठी निवडलं. बाईंनी लेखांतून विचारलं होतं की बहुमतवाल्याने सगळंच का घ्यावं, अल्पमताला त्याच्या वजनाइतकं देणारी मतमोजणी का नसावी. झालं! वर्तमानपत्रांनी त्यांना ‘कोटा क्वीन’ केलं. आपल्याकडे सरकारी जावई म्हणतात ना, तीच शिवी, तोच वास. क्लिंटनने सुनावणीसुद्धा होऊ न देता नाव मागे घेतलं. काळ्यांच्या मतांवर निवडून आलेला, चर्चमध्ये त्यांच्या सुरात सूर मिसळणारा क्लिंटन!

गठ्ठ्याचं आणखी एक पाप आहे. तो चोरीला भाव मिळवून देतो. २००० साल, फ्लोरिडा. २५ निर्वाचक, फरक ५३७ मतांचा. देशभरात गोरला साडेपाच लाखांच्या आसपास मतं जास्त, अध्यक्ष झाला बुश, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच विरुद्ध चार निकालाने. नंतर नागरी हक्क आयोगाने २००१ मध्ये सांगितलं की फ्लोरिडात काळ्याची मतपत्रिका बाद होण्याची शक्यता इतरांपेक्षा जवळजवळ दहापट होती. यादीतून नावं उडवली ती वेगळीच. आता हिशेब करा. पाचशे-हजार काळी मतं बाद करा आणि २५ निर्वाचक घरी न्या. असा धंदा कोण सोडेल? प्रमाणात वाटले असते तर साडेबारा-साडेबारा. हजार मतं मारून हाती काय लागलं असतं? फार तर एखादा निर्वाचक इकडचा तिकडे.

आणि २ जानेवारी २०२१. हरलेला अध्यक्ष ट्रम्प जॉर्जियाच्या निवडणूक अधिकाऱ्याला फोन करतो आणि ११,७८० मतं शोधून द्या म्हणतो. बायडनची आघाडी ११,७७९. एक मत वर मिळालं की १६ निर्वाचक! अटलांटातल्या काळ्या मतमोजणी कामगार बायकांवर चोरीचा आळ घेतला गेला, धमक्यांनी त्यांना घर सोडायला लावलं. जॉर्जियात त्या वर्षी दोघांना ४९-४९ टक्के. प्रमाणात वाटले तर आठ-आठ. ११,७८० मतं शोधून सापडली असती तरी आठ-आठच. मग तो फोन कशाला झाला असता?

तेव्हा प्रमाण हवं. पण प्रमाणाच्या नावाखाली काय काय खपवतात तेही बघा. मेन आणि नेब्रास्कात राज्याचे दोन निर्वाचक राज्यभर जिंकणाऱ्याला आणि बाकीचे एकेका मतदारसंघाला एक असे आहेत. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराने २००८, २०२० आणि २०२४ मध्ये आपला एक निर्वाचक राज्याच्या विरुद्ध दिला. माल्कम एक्स १९२५ साली याच ओमाहात जन्मला. त्या एका निर्वाचकासाठी २०२४ च्या सप्टेंबरात निवडणूक दारात आलेली असताना गठ्ठा परत बांधायचा घाट घातला गेला. एका माणसाने नकार दिला म्हणून फसला. म्हणजे या एका निर्वाचकाची किंमत त्यांना बरोबर कळते. पण मतदारसंघवार पद्धत म्हणजे प्रमाण नव्हे. मतदारसंघाच्या रेषा आखतं कोण? विधिमंडळ. काळी वस्ती एका मतदारसंघात कोंबायची नाहीतर चार मतदारसंघांत चिरायची, ही कात्री दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या चालते. तीच अध्यक्षाच्या निवडणुकीवर चालवायची? २०११ साली पेनसिल्व्हेनियात रिपब्लिकनांनी नेमकं हेच सुचवलं होतं, कारण राज्य ओबामाने जिंकलेलं आणि रेषा त्यांच्या हातात. टेक्सासमध्ये मात्र असं सुचवायची त्यांना आठवण झाली नाही!

दुसरा सापळा बाराव्या घटनादुरुस्तीत आहे. २७० कुणालाच मिळाले नाहीत तर प्रतिनिधीगृह अध्यक्ष निवडतं, आणि तेही राज्यागणिक एक मत देऊन. कॅलिफोर्नियाला एक, वायोमिंगला एक. राजधानी वॉशिंग्टन, जिथे शंभरातले चाळीसहून जास्त काळे, तिला एकही नाही. प्रमाणात वाटलं की तिसऱ्या-चौथ्या उमेदवारालाही निर्वाचक मिळणार, २७० चुकायची भीती वाढणार. १९६८ मध्ये अलाबामाचाच वर्णद्वेष्टा जॉर्ज वॉलेस हेच गणित मांडून उतरला होता. कुणालाच बहुमत नको, मग मी सौदा करतो. त्याला ४६ निर्वाचक मिळाले, बेत थोडक्यात हुकला. म्हणून प्रमाणाची मागणी करताना हे कलम सोबत उपटलं पाहिजे, नाहीतर एक दार बंद करून दुसरं सताड उघडल्यासारखं होईल.

थेट निवडणूकच का नको, असं विचाराल. हवी! एक माणूस, एक मत, एक मूल्य, याच्यापुढे मी कुठलं गणित लावणार? १९६९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ती ३३८ विरुद्ध ७० अशी मंजूर केली होती. सिनेटमध्ये १९७० साली दक्षिणेच्या थर्मंड, एर्विन, ईस्टलँड मंडळींनी बोलबोलून वेळ काढला आणि मारली. घटना बदलायला ३८ राज्यं लागतात. ज्यांचं पोट गठ्ठ्यावर भरतं तेच हात वर करणार का? गठ्ठा मात्र राज्याच्या साध्या कायद्याने बांधलाय, साध्या कायद्याने सुटतो. मग सुटत का नाही? २००४ साली कोलोरॅडोत प्रमाणाचा प्रस्ताव थेट लोकांपुढे ठेवला. शंभरातल्या पासष्टांच्या आसपास लोकांनी धुडकावला. का? तर आपण एकट्याने गठ्ठा सोडला तर आपलं वजन जाईल. जेफरसनचं १८०० सालचं पत्र, दोनशे चार वर्षांनी पुन्हा टपालात!

यात डेमोक्रॅट पुढारी धुतल्या तांदळासारखे नाहीत. मिसिसिपीतल्या काळ्याच्या बुडालेल्या मतावर ते गळा काढतात. पण कॅलिफोर्नियाचे ५४, न्यूयॉर्कचे २८, इलिनॉयचे १९, हे गठ्ठे कुणाच्या कोठारात आहेत? २०२० साली ट्रम्पला सगळ्यात जास्त मतं कुठल्या राज्यात पडली सांगा. कॅलिफोर्नियात, ६० लाख. त्यांना निर्वाचक शून्य. मला त्या माणसाचं तोंड बघवत नाही. पण शून्य ते शून्यच. लाउन्ड्सचं शून्य पाप आणि कॅलिफोर्नियाचं शून्य पुण्य, असला सोवळ्यातला हिशेब मी आपल्या पोरांना शिकवणार नाही.

एकट्याने सोडा असं मीही कॅलिफोर्नियाला म्हणत नाही. ५४ चा गठ्ठा एकट्याने सोडणं म्हणजे दुसऱ्याला राज्य आंदण देणं. पण जोडीने सोडता येतो. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा करावा की टेक्सास आपले ४० आणि फ्लोरिडा आपले ३० ज्या दिवशी प्रमाणात वाटेल त्या दिवसापासून आम्हीही वाटू. न्यूयॉर्कने मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाचं नाव कायद्यात घालावं. त्यांनी नाही केलं तर यांचं काही जात नाही, कायदा पडून राहील. पण कागदावर नाव तरी येईल की गठ्ठा कोण सोडत नाही. असा एक साधा मसुदा मांडायला कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅटांना कुणी अडवलंय? विधिमंडळात बहुमत त्यांचं, गव्हर्नर त्यांचा.